तक्ता चार: बर्फाचे प्रकार

शिवाजीनगरच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्याच्या एकोणचाळीस अंशांत
माझ्या टेबलावर उत्तर ध्रुव आला,
फितीत बांधलेला, कोपरे दुमडलेला.
'आर्क्टिक सागरी वाहतूक: सुरक्षा आराखडा. मसुदा.
मराठी अनुवाद सोमवारपर्यंत.'
समुद्र इथून घाट उतरून चार तासांवर,
आणि तोही कोमट.

पहिली बावीस पानं सरळ गेली.
कोणती बोट कुठवर, कोणत्या महिन्यात,
जड तेल न्यायचं नाही,
देवमाशांची वाट ओलांडताना वेग कमी,
वाटाड्या कोण, नकाशा किती जुना.
कितीतरी ठिकाणी खोली कुणी मोजलेलीच नाही,
हे तळटिपेत, मुंगीएवढ्या टायपात.
कर्मणी प्रयोग माझ्या हाताला सरावलेला:
खबरदारी घेण्यात यावी. नोंद ठेवण्यात यावी.
कोणी, ते लिहायचं नसतं.

तेविसाव्या पानावर तक्ता चार.
बर्फाचे प्रकार, एकोणीस.
माझ्याकडे शब्द एक.
फार तर हिम, पण ते देव्हाऱ्यातल्या भांड्यासारखं,
रोज वापरायचं नाही.
खासनीस साहेब म्हणाले,
"सगळीकडे हिमखंड घाला ना. वाचणार कोण आहे?"

संध्याकाळी गणेश पेठेत गेले,
मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात.
नबीलाल अत्तार. पायात गमबूट, खांद्यावर गोणपाट.
मी वर्णनं वाचत गेले,
ते डोळे मिटून ऐकत होते, कुणी पत्ता सांगावा तसं.

पाण्यावर पातळ थर, तेलकट, लाटा मंदावणारा?
"साय. दुसरं काय म्हणणार?"
वाकवला तर वाकतो, मोडत नाही?
"कच्चा. कच्चा बर्फ विकू नये, शिव्या बसतात."
उन्हाळे काढून उरलेला, निळसर,
मीठ गळून गेलेला?
इथं ते अडले.
"असा आपल्याकडे कुठं टिकतो, बाई.
मुरलेला म्हणा. लोणच्यासारखा.
त्याला टोच्या लागायचा नाही."
तुकड्यांवर तुकडे चढून बांध झालेला?
"उरावर बसलेला."

मागं साच्यातून लादी सुटली,
आतल्या आत काहीतरी कडकडलं.
"हा आवाज लिहिलाय का त्यांनी?
फुटायच्या आधी तो बोलतो."
तक्त्यात आवाजाचा रकाना नव्हता.

मग म्हणाले, कशाला हवंय हे सगळं?
मी सांगितलं.
"धाकटा माझा, मोईन, इंजिनरूममध्ये आहे.
मागल्या खेपेला फोनवर म्हणाला,
अब्बा, इथं वर रात्रच होत नाही.
कुठं वर, ते मी विचारलं नाही, रेंज गेली."
गोणपाट या खांद्यावरून त्या खांद्यावर.
"बोट अडकली तर, तुमच्या कागदात,
कोणी यायला किती वेळ?"

पान एकतीस.
किमान पाच दिवस तग धरता येईल
अशी सामग्री ठेवण्यात यावी.

नबीलालनी लादीवर तळहात टेकला
आणि उचलला नाही.
पाणी मनगटावरून कोपराकडे,
कोपरावरून गमबुटात.
मी वही मिटली, उघडली, परत मिटली.
बाहेर कोळंबीचा टेम्पो हॉर्न देत होता.

सोमवारी साहेबांनी तांबड्या पेनानं
साय खोडली, मुरलेला खोडला.
'उरावर बसलेला'च्या शेजारी नुसतंच उद्गारचिन्ह.
असेलही बरोबर. प्रमाण शब्दावली असते,
तिचं छापील पुस्तक कपाटात आहे,
किल्ली शिंत्रेबाईंकडे.

एकतिसाव्या पानावर मात्र
मी कर्मणी मोडला होता.
'पाच दिवस. तोवर कोणी येणार नाही.'
ते त्यांनी दोनदा वाचलं. पेनाला टोपण लावलं.
"मुळात असं आहे?"
"आहे," मी म्हणाले, "फक्त लांबून."

फाईल खाली गेली.
जावक क्रमांक अजून पडलेला नाही.